सरपंच कोणी निवडावा : सात जणांनी की साऱ्या गावाने?

काही दिवसांपूर्वी सार्वजनिक आयव्ययाच्या तासाला वित्त आयोगाच्या अनुदानांविषयी बोलत असता मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने प्रश्न केला. तो म्हणाला, ‘‘सर, २०२१ साली आमच्या गावचा सरपंच चार मतांवर झाला. माझ्या आत्याच्या गावची सरपंच मात्र पुढच्या वर्षी आठशे मतांवर झाली. खुर्ची एकच, अधिकारही एकच. मग खरा सरपंच कोणता?’’ वर्ग हसला. पण तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या एकमेकांच्या शिवेला लागलेल्या गावांत सरपंचाची निवड गेली काही वर्षे दोन निरनिराळ्या कायद्यांनी होत आली आहे. ओतूरच्या एस.टी.त शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांच्या गावचे सरपंच दोन वेगळ्या वाटांनी खुर्चीवर आलेले असू शकतात, हे शहरातील वाचकाला ठाऊकही नसेल.

हा प्रकार कसा घडला, हे आधी पाहू. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार गावाने प्रभागांतून सदस्य निवडावयाचे आणि त्या सदस्यांनी आपल्यातून एकाला सरपंच करावयाचे, अशी रीत होती. लोकसंख्येप्रमाणे सदस्यांची संख्या सात ते सतरा असते. दीड हजारांच्या आतील गावात सदस्य सात, म्हणजे चार मते मिळाली की सरपंचपद मिळाले. ही रीत जवळजवळ साठ वर्षे चालली. जुलै २०१७ मध्ये श्री. देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारने अध्यादेश काढून सरपंच थेट मतदारांतून निवडण्याची तरतूद केली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तशा निवडणुका होऊ लागल्या. २०२० च्या प्रारंभी महाविकास आघाडीच्या सरकारने ती तरतूद रद्द करावयाचे ठरविले. राज्यपालांनी अध्यादेशावर सही केली नाही, म्हणून विधिमंडळात विधेयक आणून जुनी पद्धत पुन्हा आणण्यात आली. जानेवारी २०२१ मध्ये राज्यात चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्या या जुन्या पद्धतीने. पुढे १४ जुलै २०२२ रोजी श्री. एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळाने थेट निवडीचा निर्णय पुन्हा घेतला. पाच वर्षांत तीन वेळा नियम बदलला. गावाने आपला अनुभव सांगितला आणि म्हणून नियम बदलला, असे एकदाही घडले नाही. मुंबईत सत्ता पालटली, म्हणून गावातला नियम पालटला.

अमेरिकेचा जुना धडा

प्रतिनिधी लोकांनी थेट निवडावा की लोकांच्या प्रतिनिधींनी निवडावा, हा वाद आपल्याच मातीत प्रथम उगवलेला नाही. अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेत सिनेटचे सदस्य प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने निवडावेत, असे ठरले होते. त्यामागचा हेतू वाईट नव्हता. सिनेटर हा राज्याचा वकील असावा, लोकांच्या क्षणिक उमाळ्यावर तो हेलकावू नये आणि संघराज्यात राज्यांचा शब्द टिकावा, अशी ती कल्पना होती.

प्रत्यक्षात शंभर वर्षांत त्या कल्पनेचे काय झाले? १८९१ ते १९०५ या काळात वीस राज्यांत मिळून सुमारे पंचेचाळीस वेळा विधिमंडळांत पेच पडले आणि सिनेटरची निवड रखडली. डेलावेअर या राज्याचा तर १९०१ ते १९०३ या काळात सिनेटमध्ये एकही प्रतिनिधी नव्हता. विधिमंडळाचे एकमत होईना आणि जनतेच्या हाती काही नव्हते. मोन्टाना राज्यात विल्यम क्लार्क या तांब्याच्या खाणमालकाची १८९९ मध्ये निवड झाली. आमदारांची मते विकत घेतल्याचा आरोप सिनेटच्या समितीपुढे आला आणि १९०० मध्ये त्याला पद सोडावे लागले. इलिनॉयमधील विल्यम लॉरिमर यांची १९०९ मधील निवड सिनेटने १९१२ मध्ये भ्रष्ट मार्गाने झालेली म्हणून रद्दबातल ठरविली. अखेर १९१३ च्या एप्रिलमध्ये सतराव्या घटनादुरुस्तीला मान्यता मिळून सिनेटरची निवड थेट जनतेकडे आली.

या इतिहासातला एक बारकावा आपण ध्यानात घ्यावा असा आहे. अमेरिकेत बदलाचा प्रारंभ राजधानीत झाला नाही. ऑरेगॉनसारख्या राज्यांनी आधी आपल्यापुरता प्रयोग केला. मतदारांनी पसंती नोंदवावी आणि विधिमंडळाच्या उमेदवारांनी ती मानण्याचे वचन द्यावे, अशी सोय त्यांनी केली. १९१२ पर्यंत सुमारे एकोणतीस राज्ये या ना त्या मार्गाने लोकांचा कौल घेऊ लागली होती. म्हणजे घटना बदलण्यापूर्वी अनुभव जमा झाला होता. त्यामुळेच तो बदल शंभराहून अधिक वर्षे टिकला. आपल्याकडचा बदल पाच वर्षेही टिकला नाही, याचे एक कारण येथे दडलेले आहे.

चार मतांचा बाजार

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जुन्या पद्धतीतला दोष सांगावयास फार शब्द लागत नाहीत. ज्या बाजारात विक्रेते थोडे आणि माल अत्यावश्यक, तेथे प्रत्येक विक्रेत्याला भाव मागता येतो. सात सदस्यांच्या पंचायतीत दोन्ही गटांचे तीन तीन सदस्य असले, तर सातव्या सदस्याच्या मताला जी किंमत येते, ती त्याच्या गुणांमुळे येत नाही, त्याच्या जागेमुळे येते. सरपंच निवडीच्या आधी सदस्यांना घेऊन निघणाऱ्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. कोणी देवदर्शनाला जातात, कोणी कोकणात, कोणी गोव्याला. निवडीच्या दिवशी सकाळी गाडी थेट पंचायतीच्या दारात उभी राहते आणि सदस्य खाली मान घालून आत शिरतात. याला आपण कौतुकाने ‘सहल’ म्हणतो. त्या सहलीचा खर्च पुढच्या पाच वर्षांत कोठून तरी वसूल व्हावयाचा असतो, हे मात्र आपण बोलत नाही.

दुसरी रूढी पद वाटून घेण्याची. अडीच-अडीच वर्षे, आणि कोठे कोठे तर एकेक वर्ष, अशी सरपंचपदाची फिरती वाटणी ठरते. ज्याला एका वर्षासाठी खुर्ची मिळते, तो पाच वर्षांच्या पाणीयोजनेचा विचार कशासाठी करील? त्याला स्वतःच्या वर्षात पुरे होणारे आणि डोळ्यांना दिसणारे काम हवे असते. म्हणून गावोगाव कमानी उभ्या राहतात आणि गटारांची कामे मागे पडतात.

तिसरी गोष्ट अविश्वासाच्या टांगत्या तलवारीची. सात सदस्यांच्या पंचायतीत सरपंचाला रोज चार माणसांची मर्जी राखावी लागते. शासकीय निधीचा हिशेब विचारणारा, थकलेली घरपट्टी वसूल करू पाहणारा किंवा गायरानातले अतिक्रमण काढा म्हणणारा सरपंच अशा पंचायतीत फार दिवस टिकत नाही.

आता या खुर्चीची किंमत एवढी का वाढली, हेही पाहिले पाहिजे. २०२४ मध्ये राज्य शासनाने सरपंचांचे मानधन दुप्पट केले. दोन हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावी ते महिना सहा हजार रुपये झाले. पाच वर्षांचे मिळून हे मानधन होते ३ लाख ६० हजार रुपये. मानधनासाठी कोणी निवडणुकीत लाखो रुपये ओतीत नाही, हे उघड आहे. खरे आकर्षण निधीचे आहे. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामपंचायतींना मिळून दोन लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम सुचविली आणि ती मधल्या पायऱ्या ओलांडून थेट ग्रामपंचायतीकडे जाऊ लागली. पंधराव्या आयोगाच्या काळात महाराष्ट्रात या अनुदानाचा ऐंशी टक्के वाटा ग्रामपंचायतींसाठी ठेवण्यात आला. ज्या पंचायतीच्या तिजोरीत पूर्वी घरपट्टी आणि बाजारकराखेरीज फारसे काही नसे, तिच्या खात्यात आता मोठ्या रकमा येतात. निधी वाढला, त्याच प्रमाणात खुर्चीचा भाव वाढला. नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथे पदांची बोली दोन कोटींवर गेल्याचे प्रसिद्ध झाले. तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तेथील आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. बोलीचे पैसे देवळासाठी होते, असे सांगण्यात आले. देवाच्या नावाने झाला तरी लिलाव तो लिलावच.

ही सारी कारणे पाहून २०१७ मध्ये प्रस्तुत लेखकाने थेट निवडीचे मनापासून स्वागत केले होते. आठशे मते विकत घेणे हे चार मते विकत घेण्याहून कठीण आहे, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. तो हिशेब चुकीचा नव्हता, पण अपुरा होता, असे आज वाटते.

दुसरी बाजू

पश्चिम पट्ट्यातल्या एका गावाचे उदाहरण देतो. गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे थेट निवडीत एक तिशीतल्या बाई सरपंच झाल्या. मते भरघोस मिळाली. पण सात सदस्यांपैकी पाच दुसऱ्या गटाचे निवडून आले. पहिल्या सभेला ते आले आणि त्यांनी आपला उपसरपंच केला. दुसऱ्या सभेला आले नाहीत. तिसरी सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. उन्हाळ्यात टाकीच्या दुरुस्तीचा विषय होता. तो तीन सभांत मार्गी लागला नाही. एका लग्नात त्या बाईंची भेट झाली. म्हणाल्या, ‘‘सर, सगळ्या गावानं मला निवडलं, पण सभेत मी एकटीच असते. त्यांना मला काढता येत नाही आणि मला काही करता येत नाही.’’

या एका वाक्यात थेट निवडीचे सारे दुखणे आले आहे. कायद्याचे गणित पाहा. थेट निवडलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षे आणि शेवटचे सहा महिने अविश्वास ठराव आणता येत नाही. मधल्या काळात तो आणला, तर तीन चतुर्थांश बहुमत लागते आणि त्यानंतरही विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने गावाची संमती घ्यावी लागते. सातांतले पाच या तीन चतुर्थांशाला पुरत नाहीत. म्हणजे विरोधकांकडे पाडण्याइतके बळ नाही, पण अडविण्याइतके आहे. डेलावेअरमध्ये विधिमंडळाचा पेच पडला, तेव्हा खुर्ची रिकामी राहिली. येथे खुर्ची भरलेली असते आणि कामच रिकामे राहते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आपल्या आदिवासी भागातील एक ग्रामपंचायत म्हणजे पुष्कळदा एक गाव नसते. घाटाच्या कडेला, धरणाच्या पाण्याभोवती पसरलेल्या चार-सहा वाड्या मिळून एक पंचायत होते. डिंभे धरणाच्या पाण्याखाली मूळचे आंबेगाव गेले आणि त्या परिसरातली वस्ती आणखीच विखुरली. अशा ठिकाणी थेट निवडणूक झाली की सर्वांत मोठ्या वाडीचा किंवा सर्वांत मोठ्या भावकीचा उमेदवार निवडून येण्याचा संभव अधिक. लहान वाडीतील साठ-सत्तर मतांवाचून कोणाचे अडत नाही. जुन्या पद्धतीत मात्र त्या लहान वाडीचा एक सदस्य पंचायतीत बसलेला असे आणि सरपंच होऊ पाहणाऱ्याला त्याच्याकडे जावे लागे. तो सदस्य पैसे मागू शकत होता, हे खरे. पण तोच सदस्य, ‘‘आमच्या वाडीचा रस्ता आधी, मग माझे मत,’’ असेही म्हणू शकत होता. मताला जशी किंमत लावता येते, तशी अटही घालता येते. आपण किंमत पाहिली आणि अट विसरलो.

अप्रत्यक्ष निवड म्हणजे भ्रष्टाचार आणि थेट निवड म्हणजे शुद्धता, असे समीकरण मांडणाऱ्यांनी इतर राज्यांकडेही पाहावे. मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान, तेलंगण येथे सरपंच थेट निवडला जातो. कर्नाटक आणि केरळ येथे ग्रामपंचायतीचा अध्यक्ष सदस्यच निवडतात. केरळच्या पंचायतींचे नाव तर देशात उत्तम पंचायतींमध्ये घेतले जाते. गोव्यातही सदस्यच सरपंच निवडतात आणि तेथे अविश्वास ठरावांची रीघ लागलेली असते. पद्धत तीच असून फळे वेगळी आली. तेव्हा फळाचे कारण केवळ पद्धतीत नाही, हे कबूल केले पाहिजे.

घटना काय म्हणते?

२४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने हा प्रश्न मोठ्या चतुराईने हाताळला आहे. पंचायत समितीचा सभापती आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सदस्यांनी आपल्यातूनच निवडला पाहिजे, असे घटनाच सांगते. त्यात राज्याला फेरफार करता येत नाही. गावपातळीवर मात्र अध्यक्ष कसा निवडावा, हे राज्य विधिमंडळाने कायद्याने ठरवावे, असे म्हटले आहे. घटनाकर्त्यांच्या वारसांनी दिलेले हे स्वातंत्र्य गावागावांतली भिन्नता ओळखून वापरावे, अशी अपेक्षा असणार. आपण ते राज्यातल्या सुमारे अठ्ठावीस हजार पंचायतींना एकाच फटक्यात कधी या बाजूला, कधी त्या बाजूला ढकलण्यासाठी वापरले.

नगराध्यक्षांचीही हीच कथा. २००१ मध्ये थेट निवड आली, २००६ मध्ये गेली, २०१६ मध्ये परत आली, पुढे पुन्हा गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. डिसेंबर २०२५ मधील नगर परिषदा व नगर पंचायतींच्या निवडणुकांत नगराध्यक्ष थेट निवडले गेले. ज्या पक्षाचे बळ एका चेहऱ्यामागे उभे राहते, त्याला थेट निवड सोयीची वाटते. ज्याचे बळ गावोगावच्या जुन्या गटांत आणि सहकारी संस्थांत मुरलेले असते, त्याला सदस्यांमधून निवड सोयीची वाटते. तत्त्वाची भाषा दोघेही बोलतात. सोय मात्र आपापली पाहतात.

यातली विसंगती वाचकांच्या नजरेतून सुटली नसेल. सदस्यांच्या पळवापळवीला आळा बसावा, म्हणून सरपंच थेट हवा, असे २०२२ च्या जुलैत सांगण्यात आले. त्याच्या तीन आठवडे आधी राज्याचे आमदार सुरतेला, तेथून गुवाहाटीला आणि पुढे गोव्याला गेले होते आणि त्यातूनच ते सरकार आले होते. त्याच जूनमध्ये राज्यसभेच्या निवडणुकीसाठी सर्वच प्रमुख पक्षांनी आपापले आमदार हॉटेलांत नेऊन ठेवले होते, हेही विसरता येणार नाही. राज्यसभेसाठी २००३ पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरविली. अमेरिकेने दोष आढळला, तेव्हा मतदारच बदलला. आपण मतदार तोच ठेवला आणि मत उघडे केले. तरीही हॉटेले भरतातच. जो रोग वरच्या मजल्यावर आहे, त्याचे औषध फक्त तळमजल्यावर पाजले जात आहे.

मग उपाय कोणता?

येथवर वाचून कोणी विचारील की, लेखकाचे मत नक्की कोणत्या बाजूचे? ते सांगणे कर्तव्य आहे. थेट निवड ठेवावी, असेच मला वाटते. आत्याच्या गावचे आठशे मतदार चार सदस्यांपेक्षा अधिक शहाणे असतात म्हणून नव्हे. त्यांना एकत्र कोंडून सहलीला नेता येत नाही म्हणून. शिवाय, आपल्याकडे २०११ पासून निम्मी पदे स्त्रियांसाठी राखीव आहेत. राखीव जागेवर कोणाच्या तरी पत्नीला बसवून कारभार पतीने पाहावयाचा, हा प्रकार सात सदस्यांच्या बैठकीत सहज जमतो. स्वतः दारोदार फिरून मते मागितलेल्या बाईला मात्र गावाने पाहिलेले असते, तिचे बोलणे ऐकलेले असते. तिला बाजूला सारणे तेवढे सोपे राहत नाही.

पण थेट निवड ठेवावयाची, तर तिच्याबरोबर तीन गोष्टी केल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट कायद्याच्या स्थैर्याची. कोणतीही पद्धत किमान दोन पूर्ण मुदती, म्हणजे दहा वर्षे, बदलू नये. दोन पद्धतींचा मुकाबला करून पाहण्याची संधी आपल्याला अपघाताने मिळाली आहे. एकाच तालुक्यात, एकाच पावसात, एकाच वित्त आयोगाच्या निधीवर शेजारशेजारची गावे दोन पद्धतींनी चालली. किती सभा तहकूब झाल्या, किती निधी परत गेला, करवसुली किती झाली, हे सारे पंचायतीच्या दप्तरात लिहिलेले आहे. आमच्या महाविद्यालयांतील अर्थशास्त्राच्या आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी संकेतस्थळांवरील उतारे उतरवून काढण्यापेक्षा आपल्याच गावचे इतिवृत्त उघडून पाहावे. त्या दहा वर्षांनंतरचा निर्णय तरी मग अनुभवावर होईल.

दुसरी गोष्ट पेच सोडविण्याची. २०१७ च्या सुधारणेने अर्थसंकल्प तयार करण्याचा अधिकार सरपंचाकडे दिला. परंतु अर्थसंकल्पानंतर वर्षभर लहानमोठे ठराव लागतातच आणि अडवणूक तेथे होते. लागोपाठ दोन मासिक सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्या, तर पाणी, आरोग्य आणि शाळा यांविषयीचे विषय आपोआप ग्रामसभेपुढे जावेत, अशी स्पष्ट तरतूद हवी. भांडण सरपंच आणि सदस्य यांचे असेल, तर निवाडा दोघांनाही निवडणाऱ्याने करावा, हे न्यायाचे आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ग्रामसभेची. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हावयास हव्यात. गणपूर्तीला मतदारांचे पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल ती संख्या पुरते. हजार मतदारांच्या गावात शंभर माणसे. तेवढीही जमत नाहीत, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे पुढच्या खेपेस पंधरा-वीस जण सही करून मोकळे होतात. मतदानाच्या दिवशी पुणे-मुंबईहून गाड्या करून येणारे आपण वर्षातून चार वेळा दोन तास बसावयास तयार नसतो. जो मतदार पाच वर्षांतून एकदाच जागा होतो, त्याने निवडलेला सरपंच थेट असो की आडवळणाने आलेला, उरलेली चार वर्षे त्याला जाब विचारणारा कोणी नसतोच.

या बाबतीत पश्चिम पट्ट्याकडून आपण पूर्वेकडच्या बागायती गावांनी शिकण्याजोगे आहे. जुन्नर आणि आंबेगावची अनुसूचित क्षेत्रातील गावे १९९६ च्या पेसा कायद्याखाली येतात. तेथे सरपंचपद अनुसूचित जमातीसाठीच असते. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी २०१५ पासून थेट त्या पंचायतींना मिळू लागला आणि तो कशावर खर्चावा, हे ठरविण्याचा हक्क ग्रामसभेचा आहे. सर्व ठिकाणी हा हक्क वापरला जातो, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. तरी वाडीच्या मंदिरासमोर बसून हिरड्याच्या हंगामाआधी कोणते काम घ्यावयाचे, यावर बाया-माणसांनी वाद घातलेला मी ऐकला आहे. त्या वादात सरपंच कोणी निवडला, हा विषयच निघाला नाही. पैसा किती आला आणि कोठे गेला, एवढेच विचारले जात होते. नारायणगाव-मंचरच्या बाजूला टोमॅटोच्या भावावर तासन् तास बोलणारे आपण पंचायतीच्या हिशेबावर इतके बोललो असतो, तर पुष्कळ प्रश्न उभेच राहिले नसते.

अमेरिकेतील त्या बदलानंतरही पैशाने सिनेट सोडली नाही. विधिमंडळांच्या दालनांतून तो निघाला आणि निवडणूक प्रचारात शिरला. निवडणुकीची पद्धत बदलली म्हणून पैशाने मार्ग सोडला, असे जगात कोठे झालेले नाही. त्याला अडवते ती पद्धतीनंतरची देखरेख. म्हणून थेट निवड ही उपायाची सुरुवात आहे, शेवट नव्हे.

जानेवारी २०२१ मध्ये निवडलेल्या पंचायतींची पाच वर्षांची मुदत २०२६ च्या प्रारंभी पुरी व्हावयाची. कायदा आहे तसा राहिला, तर त्या विद्यार्थ्याच्या गावातही पुढचा सरपंच साऱ्या गावाच्या मतांनी होईल. त्याच्या प्रश्नाला मी वर्गात जे उत्तर दिले, तेच येथे लिहितो. चार मतांचा असो वा आठशे मतांचा, खरा सरपंच तो, ज्याला २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तुझ्यासारखा एखादा उभा राहून जमाखर्च विचारतो आणि जो कागद काढून दाखवतो. मुलगा खाली बसला. तास संपल्यावर तो पुन्हा आला आणि विचारू लागला, ‘‘सर, ग्रामसभेत प्रश्न विचारायला आधी अर्ज द्यावा लागतो का?’’ मी म्हणालो, ‘‘लेखी दिलास तर उत्तम. पण आधी जाऊन बस.’’